डावा गज, उजवा गज

एप्रिल लागला की माझ्या हातांना रॉकेलचा वास येऊ लागतो. आमच्या घरातून रॉकेलचा डबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी या दिवसांत दुपारचा वारा पडतो, कडुलिंबाचा मोहोर अंगणात गळू लागतो, शेजारच्या खिडकीतून कुणाचं तरी मोठ्यानं पाठांतर ऐकू येतं, आणि मी नकळत बोटं नाकाशी नेतो. वास असतो. साबणानं धुतली तरी असतो. बायको म्हणते, "मला तर काहीच येत नाही." तिला येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

काल नात परीक्षेचं प्रवेशपत्र घेऊन आली. मी तिचं नाव वाचलं, क्रमांक वाचला, केंद्राचा पत्ता वाचला. मग कागद उलटून मागच्या बारीक अक्षरातल्या सूचनाही वाचल्या. परत देताना पाहिलं तर कागदाचा कोपरा ओला झाला होता.

"आजोबा, परीक्षा माझी आहे. घाम तुम्हाला का सुटलाय?" ती हसून म्हणाली.

तीस-बत्तीस वर्षं मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवलं. दर एप्रिलला मुलांना सांगितलं, घाबरू नका, येतं ते लिहा. मुलं ऐकायची, जायची, पास व्हायची. मी मात्र एका एप्रिलमधून अजून नीट बाहेर आलेलो नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बेळगावच्या बोर्डिंगातून अभ्यासाच्या सुट्टीत निपाणीला घरी आलो होतो. निपाणीच्या हवेतच तंबाखू असते. परगावचा माणूस स्टँडवर उतरला की आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. आमचे आप्पा तरुणपणी वखारीत तंबाखू चाळायला जायचे. पुढं एका उस्तादाच्या हाताखाली मोटारीचं काम शिकले आणि हमरस्त्याच्या कडेला, चिंचेखाली, चार पत्रे ठोकून स्वतःचं काम सुरू केलं. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. पण रस्त्यानं जाणारी गाडी न बघता, नुसत्या आवाजावरून, "हिचं दिस भरल्यात" असं सांगायचे आणि पंधरवड्यात ती गाडी चिंचेखाली यायची.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगं सायन्सला हाय." ते ऐकताना मला बरंही वाटायचं आणि नकोसंही. कुणीतरी आपल्यावर मोठं ओझं अगदी हळुवारपणे ठेवतंय, असं काहीसं.

त्या सुट्टीत डॉक्टरांची गाडी आमच्याकडं आली.

डॉक्टर गावातले जुने. त्यांच्या मुलीनं, कुसुमताईंनी, मला आठवीपासून इंग्रजी शिकवलं होतं, त्यांच्या ओसरीवर बसवून, काहीही न घेता. मी आज चार ओळी लिहितो त्यात त्या ओसरीचा वाटा आहे. डॉक्टरांची गाडी विलायती, काळी, गोल पाठीची. पोरं तिला 'कासव' म्हणायची. तेव्हाच ती पंचवीस-तीस वर्षांची होती. या कासवाचं नाक मात्र कायम वर असायचं. डॉक्टर ऐन उमेदीत खेडोपाडी जायचे, बाळंतपणाला, सापविंचवाला. बैलगाडीच्या वाटेचा मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागायचा. म्हणून कधीकाळी कुणा मिस्त्रीनं तिची पुढची बाजू उचलून दिली होती. डांबरी रस्त्यावर आली की ती नाक वर करून, जरा हेलकावत चालायची.

"मिस्त्री, आता हिचं नाक खाली घ्या," डॉक्टर म्हणाले. "कुसुमचं लग्न झालं की मी दवाखाना बंद करणार. मला आता कुठल्या चिखलात जायचंय? नवी आली तेव्हा जशी बसली होती तशी बसवा. लेकीला हिच्यातूनच बेळगावला न्यायचीय."

आप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "बसवू की. लई वर्सं मान ताठ करून हिंडली. तिची बी दुखत आसंल."

इतर मोटारींना पुढं पाटे नाहीतर स्प्रिंगा असतात. या गाडीला त्याऐवजी दोन लांब पोलादी गज होते, दोन्ही चाकांमागं एकेक, गाडीच्या तळाला धरून मागं गेलेले. गजाचं पुढचं टोक चाकाच्या दांड्यात, मागचं टोक सांगाड्यात पक्कं. चाक खड्ड्यात गेलं की गज पिळवटायचा आणि पीळ सुटताना चाकाला जागेवर आणायचा. टोकांना दात कोरलेले असत. मागचं टोक एक दात फिरवून बसवलं की गाडीचं नाक तेवढं खाली येणार. दोन्हीकडं सारखाच दात, नाहीतर गाडी लंगडी.

"किती खाली येईल, कागदावर मांड बगू," आप्पा म्हणाले. मी वही काढली, दात मोजले, कोन काढला, दांड्याची लांबी घेतली आणि बऱ्याच वेळानं म्हणालो, "दीड इंच."

आप्पांनी मडगार्ड आणि टायर यांच्या मधे बोटं घालून बघितली. "म्हंजी दोन बोटं. मी तेच म्हणत हुतो. पर तू मांडलंस त्ये बरं झालं."

कुठल्याही गाडीच्या पोटात हात घालण्याआधी आप्पा उदबत्ती लावायचे. जॅकला, पान्यांना हळद-कुंकू वाहायचे. लहानपणी मला ते आवडायचं. कॉलेजात गेल्यापासून लाज वाटू लागली होती. बोर्डिंगातले मित्र कधी घरी आले तर ही कुंकू लावलेली हत्यारं त्यांना दिसू नयेत, असं वाटायचं. त्या दिवशीही पूजा झाली. गंजानं धरलेले गज मोठ्या खटपटीनं सुटले. आप्पांनी ते पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले, एकाच्या टोकाला कुंकवाचं बोट ओढलं, दुसऱ्याच्या टोकाला हळदीचं. मी मनात म्हटलं, झालं, आता गजांचीही पूजा.

तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर धावत आला. त्याची गाडी तवंदीच्या घाटाच्या पायथ्याला बंद पडली होती. आप्पांनी पिशवी उचलली. जाताना म्हणाले, "गज रॉकेलनं पुसून ठेव. गंज निगाला पायजे. पर कानस लावू नगंस."

मी पुसले. इतके मनापासून मी क्वचित काही पुसलं असेल. चिंधी रॉकेलात बुडवून टोकापासून टोकापर्यंत, दातांच्या फटींमधूनसुद्धा. कुंकवाचं बोट निघालं, हळदीचं निघालं, चिंधीवर दोन्ही मिळून एक तांबूस डाग राहिला. एका टोकाच्या चपट्या बाजूवर काहीतरी कोरलेलं लागलं. नंबर असेल, असं समजून मी त्यातलाही गंज काढला. वाचलं नाही. शेवटी दोन्ही गज असे झळकू लागले की मलाच माझं कौतुक वाटलं. उलटेपालटे करून वाळवले आणि पुन्हा पोत्यावर मांडले.

आप्पा आले, गाडीखाली शिरले. थोड्या वेळानं त्यांचा हात बाहेर आला. नुसता हात. कोपरापर्यंत काळा, तळवा वर केलेला.

"उजवा दे."

मी गजांकडं पाहिलं. दोन्ही सारखे. तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "कुंकवाचा न्हवं?"

मला तेव्हा कळलं. सगळं नाही, पण एवढं कळलं की ती पूजा नव्हती, खूण होती. 'आप्पा, पुसलं मी' एवढेच शब्द होते. ते तोंडाशी आलेही. पण त्याच क्षणी माझ्यातलं सायन्स मदतीला धावून आलं. गोल गज आहे, दोन्हीकडून सारखा, लांबी तीच, जाडी तीच, धातू तोच. उजवा काय, डावा काय, काय फरक पडतो?

"व्हय," मी म्हणालो आणि हाताला लागला तो गज दिला.

आज मागं बघताना वाटतं, मी विचार करून खोटं बोललो नव्हतो. वर्गात उत्तर न येणारा मुलगा कधीकधी नुसती मान हलवतो ना, तसं ते झालं. शिक्षक म्हणून पुढं मी ती मान हजारदा पाहिली. 'कळलं का?' यावर हललेली मान दिसली की मी बाकापाशी जाऊन वही उघडून बघायचो. मुलांना वाटायचं, सर फार संशयी आहेत.

संध्याकाळी कासव चिंचेखालून बाहेर निघालं तेव्हा ओळखू येईना. नाक खाली, पाठ गोल, अंग चोरून बसलेल्या मांजरासारखी ऐट. डॉक्टरांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग चष्मा पुसला.

"माज्या पोरानं गज पुसल्यात," आप्पा त्यांना सांगत होते. "आरशावानी. बी.एस्सी.चा हात लागलाय गाडीला."

त्या वाक्यानं माझं तोंड बंद केलं. ते फार दिवस बंद राहिलं.

कुसुमताई वडिलांबरोबर आल्या होत्या. परीक्षा कधी, कुठला पेपर कसा, सगळं विचारलं. मग आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. "पेपरात वेळेचा अंदाज हवा. तुझ्याकडं नाहीये ना? लग्नात परत दे."

"ताई, बायकी घड्याळ हाय," मी म्हणालो.

"वेळ पुरुषी दाखवतं," त्या म्हणाल्या आणि हसत गाडीत बसल्या.

गाडी गेल्यावर आईनं चहा आणला. मी उगाचच विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, दोनी गज एकसारखंच की. अदलाबदल झाली तर काय हुतंय?"

आप्पांनी बशीत चहा ओतला. "दिसत्यात एकसारखं. पर एक उजवीकडं पिळायला शिकलाय, एक डावीकडं. तीस वर्सांची सवं हाय त्यांची. उलटा पिळला तर सोसतोय, सोसतोय, आन मग एका दणक्याला काचंवानी जातोय. चाक मोडून आत येतंय. उस्तादानं पयल्या दिवशी सांगितल्यालं. म्हनून तर मी कुंकू, हळद वडतो. मला कुठं ल्ह्याय येतंय?"

त्यांनी बशी तोंडाला लावली. मी माझ्या कपाकडं बघत राहिलो. चहावर साय धरली, सुरकुतली, बाजूला गेली. मनगटावर ते छोटं घड्याळ चालत होतं. आई म्हणाली, "गप का रं? अब्यास ऱ्हायलाय व्हय?" मी व्हय म्हणालो. पुन्हा व्हय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं मी बेळगावला निघून आलो.

भीतीला घर कुठं असतं, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं. पुस्तकात ते छातीत असतं. माझी भीती तळहातात होती. पेन घसरायचं, वहीची पानं चिकटायची. बोर्डिंगातल्या खोलीत आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं मोठ्यानं पाठ करायचे आणि मी भिंतीकडं तोंड करून मनात एकच हिशेब घोकायचो. गज दोन, बाजू दोन. बरोबर बसले असण्याची शक्यता निम्मी. निम्मी म्हणजे कमी नाही. नाणं उडवलं तरी... आणि इथं मला ताईंचा चेहरा दिसायचा. गाडीत पुढं, चालवायला आप्पा बसणार, कारण डॉक्टरांची नजर अधू झाली होती आणि लेकीला न्यायला त्यांचा आप्पांवाचून कुणावर विश्वास नव्हता. मागं डॉक्टर, डॉक्टरीणबाई, मधे ताई. हे सगळं मी एका नाण्यावर ठेवलं होतं. ते नाणं तर उडून केव्हाच पडलं होतं. ते बघायला मी वाकत नव्हतो, एवढंच.

पत्र लिहावं, असं एकदा मनात आलं. पण आप्पांना ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. माझी ही गोष्ट परक्या तोंडानं त्यांना कळणार. मी कार्ड लिहिलं आणि फाडलं.

भौतिकशास्त्राचा पेपर शुक्रवारी होता. लग्न रविवारी. गाडी शनिवारी सकाळी निघणार, असं घरी बोलणं झालं होतं. प्रश्नपत्रिका हातात आली. चौथा प्रश्न होता गोल दंडाच्या पिळाचा. सिद्ध करा, सूत्र काढा. त्याखाली दोन गुणांची टीप: धातूचा थकवा. मला ती टीप शब्दन्‌शब्द पाठ होती. वारंवार ताण दिल्यानं धातूचे गुण कसे बदलतात, हे मी इंग्रजीत खणखणीत लिहिलं, खाली रेघ मारली. आणि रेघ मारताना माझा हात थांबला. हे मला येत होतं. गेलं वर्षभर येत होतं. पोत्यावरचे ते गज आणि ही टीप या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. घरात मराठी, बसवरच्या पाटीवर कानडी, परीक्षेला इंग्रजी. आमच्याकडचं शिकणारं पोर तीन खोल्यांत वस्तू ठेवत जातं आणि ऐन वेळी भलत्याच खोलीत शोधतं.

शेवटचा प्रश्न अर्धा सोडून मी उठलो. मनगटावरच्या घड्याळात अजून वीस मिनिटं होती. तसाच स्टँडवर गेलो. निपाणीची बस उभी होती. संध्याकाळपर्यंत घरी पोचायचं, आप्पांना सांगायचं, गाडी सकाळी निघू द्यायची नाही, एवढंच ठरवलं होतं. सोमवारी पुन्हा पेपर होता. पण सोमवार मला दिसतच नव्हता.

काकती गेली, वंटमुरीचा घाट आला. बस उतारावर ब्रेक मारत निघाली तसा मी प्रत्येक वळण मोजू लागलो. इथं खड्डा आहे. इथं कठडा तुटलाय. इथं साकवावर दणका बसतो. समोरून येणारी प्रत्येक काळी गाडी मला कासव वाटत होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरा, वकारी येत्या काय? खिडकीला बस." मी मान हलवली.

संकेश्वरात बस स्टँडकडं वळत होती आणि मी पाहिलं. रस्त्याकडेला कडुलिंबाखाली उसाच्या रसाचा गाडा, आणि त्याच्या सावलीत कासव. नाक खाली घालून शांत बसलेलं. एक दिवस आधी.

मी उठून दाराशी गेलो. कंडक्टर ओरडला, "निप्पाणी तिकीट ऐतल्ला!" तिकीट निपाणीचं आहे, हे मलाही माहीत होतं. मी उडी टाकली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात रसाचा ग्लास होता. ताई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, हिरवा चुडा भरलेला. डॉक्टर म्हणाले, "अरे सदा! तू इकडं कसा? हळद उद्या सकाळीच धरली म्हणून आम्ही आजच निघालो." आप्पा टायरवर लाथ मारून हवा बघत होते. त्यांनी मान वर केली, आणि माझ्याकडं बघून त्यांचा पाय खाली आला.

"काय झालं रं? पेपर बुडवलास?"

"आप्पा, गज मी पुसलं. कुंकू बी पुसलं, हळद बी. उजवा कुठला, डावा कुठला, मला म्हाईत नव्हतं. मी आपलं व्हय म्हणालो."

कुंकू पुसलं, हे शब्द ऐकून डॉक्टरीणबाईंनी चटकन लेकीच्या कपाळाकडं पाहिलं. रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. ते लोक त्याच गजांवर तवंदीचा घाट उतरून आले होते. वंटमुरीचा अजून पुढं होता.

आप्पांनी मला मारलं नाही. शिवीही दिली नाही. डिकी उघडून जॅक काढला, पोतं काढलं, गाडीखाली अंथरलं आणि बाजूला झाले.

"जा खाली. गजाच्या मागच्या टोकाला विंग्रजी काय तर कोरलंय. मला जल्मात वाचाय आलं न्हाय. तुला येतंय न्हवं? वाच."

मी परीक्षेच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरलो. तळ तापलेला होता. उजव्या बाजूच्या गजाचं टोक चाचपलं, अंगठ्यानं ग्रीस पुसलं. तेच ते कोरलेलं, ज्यातला गंज मी नऊ दिवसांपूर्वी मन लावून काढला होता. एकच अक्षर. ताईंनी ओसरीवर शिकवलेल्या सव्वीस अक्षरांतलं.

"काय हाय?" बाहेरून आप्पा.

"एल."

"एल म्हंजी?"

"डावा."

मी गाडीखालीच पडून होतो. मला चौघांचे पाय दिसत होते. मग आप्पांचा आवाज आला, नेहमीसारखा. "डाक्टर, तुमी बशीनं जावा. ही समोर बेळगावची लागलीया. गाडी मी आणतो."

नवरी लाल बसमधून सासरगावी गेली. ट्रंक टपावर, मांडीवर रुखवताची टोपली. चढण्याआधी ताई माझ्यापाशी आल्या. मी घड्याळ काढू लागलो, तर म्हणाल्या, "पेपर राहिलेत ना? ठेव." मग पिशवीतून चांदीचा नवा करंडा काढून आप्पांपुढं धरला. "मिस्त्री, खुणेला यातलं घ्या."

डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत. बसच्या खिडकीतून त्यांनी एकदा गाडीकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी अजून लावतो आहे.

जवळच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून आप्पांनी गाडी टेकवायला ठोकळे आणले. आम्ही दोघांनी गज काढले. आप्पांनी एकेक गज दोरीला टांगला आणि पान्यानं हलकेच ठोकून कान लावला. पहिला गज देवळातल्या घंटेसारखा बराच वेळ गात राहिला. दुसराही गायला, पण जरा लवकर थांबला. आप्पांनी पुन्हा ठोकला. पुन्हा कान लावला. डोळे मिटून घेतले.

"कसा हाय?" मी विचारलं.

"बगू," ते म्हणाले. तो लवकर थांबलेला गज खरा उजवा होता, नऊ दिवस डावीकडं बसलेला. त्याच्या टोकाला त्यांनी माझ्याकडून कुंकू लावून घेतलं. खूण वाकडी आली.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. मी दार उघडून मागं बसू लागलो तर म्हणाले, "म्होरं बस. उजवा गज माज्या बाजूला हाय. ऐकू आलं तर मला आधी येईल."

वंटमुरीचा घाट आम्ही बैलगाडीच्या चालीनं चढलो. मागचे ट्रक हॉर्न मारत, शिव्या देत पुढं जात होते. खड्डा आला की आप्पा गाडी जवळजवळ थांबवायचे, चाक अलगद उतरवायचे, अलगद चढवायचे, झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतात तसं. दोघंही कान देऊन होतो. इतका वेळ, इतकं मन लावून, मी आणि माझे वडील एकच गोष्ट ऐकत बसलोय, असं आयुष्यात दुसऱ्यांदा कधी झालं नाही.

माथ्यावर आल्यावर ते म्हणाले, "त्या दिशी पुसलं म्हणाला आसतास, तर मी काय केलं आसतं?"

"मारलं आसतं."

"न्हाय रं. तुज्याकडनंच टोकाचं वाचून घेतलं आसतं. चा प्याला आसता आन परत कामाला लागलो आसतो." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "एवढंच हुतं बग त्ये."

काकतीच्या अलीकडं त्यांनी विचारलं, "त्यो एल कसा काडत्यात?" मी समोरच्या काचेवरच्या धुळीत बोटानं काढून दाखवला. एक उभी रेघ, एक आडवी. "येवढाच?" ते म्हणाले.

दिवे लागायच्या वेळी कासव मांडवासमोर उभं राहिलं. रविवारी ताई त्याच गाडीतून वरातीला निघाल्या. मी वरातीत नव्हतो. रस्त्याच्या कडेनं, उजव्या चाकाच्या बाजूनं, गाडीच्या वेगानं चालत होतो. घड्याळ सोमवारच्या पेपरनंतर त्यांच्या सासरी नेऊन दिलं. मला दुसरा वर्ग मिळाला. आप्पांनी गावात पेढे वाटले आणि पहिला पेढा डॉक्टरांना नेऊन दिला. डॉक्टरांनी तो खाल्ला, एवढं मला आप्पांकडून कळलं.

तो उजवा गज कधी तुटला नाही. डॉक्टर होते तोवर गाडी निपाणीत फिरत होती, नाक खाली घालून. दर सुट्टीत मी घरी आलो की आप्पा न विचारता सांगायचे, "गातोय अजून." नंतर गाडी परगावी विकली गेली आणि ती बातमी यायची थांबली. आता आप्पाही नाहीत. गज कुठं असेल कोण जाणे.

आज सकाळी नात परीक्षेला निघाली. मी फाटकापर्यंत गेलो. काहीतरी सांगायचं होतं. "येत नसेल तर जागा कोरी सोड," एवढंच सांगता आलं. ती म्हणाली, "आजोबा, कोरी सोडली तर शून्य मिळतात." बरोबर आहे तिचं.

दुपारी वारा पडला. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो तर तो हात आलाच, दर एप्रिलला येतो तसा. गाडीखालून बाहेर आलेला, कोपरापर्यंत काळा, तळवा वर केलेला. "कुंकवाचा न्हवं?" आणि मी, दर वर्षी सांगतो तसं, अगदी स्पष्ट सांगितलं, "न्हाय आप्पा. मी पुसलंय."

हात तसाच पसरलेला राहिला. मी बोटं नाकाशी नेली.